गावच्या जुन्या शाळेची इमारत कशी वाचावी आणि तिची नोंद कशी करावी

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांच्या कित्येक जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. काळ्या दगडाच्या किंवा जांभ्याच्या भिंती, समोर लाकडी खांबांचा व्हरांडा, वर मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर आणि आत एक लांबट खोली, असे त्यांचे साधारण रूप असते. अशी इमारत धोकादायक ठरली की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून वगळून पाडण्याचा, प्रस्ताव जातो, तो मंजूर झाला की जुन्या साहित्याचा लिलाव होतो आणि काही दिवसांत जागा मोकळी होते. मोजमापे, छायाचित्रे आणि कागदपत्रांवर आधारलेला इतिहास हे सारे त्याआधीच तयार व्हायला हवे, कारण नंतर जुने कागद सापडले तरी ते ज्याच्याशी ताडून पाहायचे ती वास्तूच उरलेली नसते. या कामाला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. गावातले शिक्षक, माजी विद्यार्थी आणि एखादा अनुभवी गवंडी किंवा सुतार एवढी माणसे ते उत्तम करू शकतात. मात्र कोणते विधान कशाच्या आधारावर केले, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवण्याची शिस्त त्यांना हवी.

शाळेचे वय आणि इमारतीचे वय

बहुतेक शाळांच्या दर्शनी फलकावर ‘स्थापना’ या शब्दापुढे एक साल लिहिलेले असते आणि गावातील लोक तेच साल इमारतीचेही मानतात. स्थानिक इतिहासातला सर्वांत मोठा घोळ येथूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात सरकारी मराठी शाळा मंजूर झाली म्हणजे तिच्यासाठी लगेच इमारत उभी राहिली, असे क्वचितच होई. शाळा आधी देवळाच्या सभामंडपात, चावडीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरे आणि स्वतःची वास्तू तिला पुष्कळदा फार उशिरा मिळे. त्याहीपूर्वी त्याच गावात पंतोजींची खासगी शाळा असू शकते, जिथे मुले धुळाक्षरे गिरवीत, पाढे घोकीत आणि मोडी वाचायला शिकत. तिची नोंद सरकारी कागदांत बहुधा सापडत नाही.

म्हणून सुरुवातीलाच वहीची चार पाने चार प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. गावात शाळा केव्हापासून आहे, ती सध्याच्या जागेवर केव्हा आली, आज उभी असलेली सर्वांत जुनी खोली केव्हा बांधली गेली, आणि त्या खोलीत व तिच्याभोवती पुढे कोणते बदल कोणत्या क्रमाने झाले? पुढे मिळणारा प्रत्येक पुरावा यांपैकी नेमका कोणत्या प्रश्नाचा आहे ते ठरवून मगच त्या पानावर उतरवावा. पहिल्या पानावरचा पुरावा तिसऱ्या पानावर सरकू देऊ नये.

काम सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडावा आणि पत्राची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. इमारत धोकादायक म्हणून घोषित झालेली असेल तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

कागद शोधण्याआधी गाव कोणाच्या अमलाखाली होते ते पाहावे

आजचा जिल्हा पाहून कागद शोधायला निघालेला माणूस हमखास चुकीच्या दप्तरात पोहोचतो. १९४८ पूर्वी हे गाव मुंबई इलाख्यात होते, एखाद्या संस्थानात होते, निजामाच्या हैदराबाद राज्यात होते की मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, हे आधी निश्चित करावे. शेजारशेजारची दोन गावेसुद्धा वेगवेगळ्या सत्तांखाली असत, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या भागांत.

मुंबई इलाख्यातल्या गावाची गोष्ट साधारण अशी घडत गेली. शिक्षणविषयक धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्यास आरंभ झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला कायदेशीर आधार मिळाला. या फंडाचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी होता आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसारख्या कामांसाठी. गावोगावच्या मराठी शाळा वाढल्या त्या प्रामुख्याने या पैशावर, आणि इमारतीच्या वेळी पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणीची व श्रमदानाची जोड मिळाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांच्या घामातून जमा झालेल्या महसुलाचा लाभ त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाला मिळत नाही, हेच ठासून मांडले होते. गावातल्या जुन्या शाळेच्या भिंतीकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण ती भिंत सरकारने दिलेली देणगी नव्हती. साऱ्यावरचा आणा भरणाऱ्या कुळांनी तिची किंमत आधीच मोजलेली होती.

पुढे १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली, १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नवी व्यवस्था बसवली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. हा क्रम पाठ असण्याचा थेट उपयोग होतो. जुन्या कपाटावर, बाकावर किंवा घंटेवर लोकल बोर्डाचे नाव कोरलेले असेल तर ती वस्तू जिल्हा परिषदेच्या आधीची आहे आणि ‘जि. प.’ अशी अक्षरे असतील तर ती १९६२ नंतरची आहे. लाकडी सामान एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असल्यामुळे या खुणेवरून इमारतीचे वय मात्र ठरवू नये.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली, त्यामुळे तेथील खेड्यांत शाळा वाढण्याचा काळ वेगळा पडतो. दक्षिणेतील बहुतेक लहान संस्थाने मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीचे कागद संस्थानी दप्तरांत शोधावे लागतात. सातारा भागात आणखी एक शक्यता तपासावी लागते, ती म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या व्हॉलंटरी शाळांची. त्यांपैकी अनेक शाळा पुढे बोर्डाकडे गेल्या, म्हणून आजच्या जिल्हा परिषद शाळेचे मूळ तेथेही सापडू शकते. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता आणि तेथील कागद पुष्कळदा उर्दूत व फसली या महसुली सालात असतात. विदर्भाचे कागद नागपूरकडे पाहावे लागतात. तेथे १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभांचा एक टप्पाही मध्ये लागतो.

सालांचे रूपांतर करताना घाई करू नये. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र पौष ते फाल्गुन या महिन्यांतील १ जानेवारीपासून पुढच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८२२ हे साल १९०० आणि १९०१ या दोन्ही वर्षांत पसरते. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवावेत, त्यामुळे १३५७ फसली म्हणजे १९४७-४८ होते. खर्चाचे आकडे रुपये, आणे आणि पै यांत असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीच्या पद्धतीचे आहेत. ते जसेच्या तसे उतरवावेत आणि आजच्या किमतीत बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

कोणता कागद काय सांगतो

सर्वांत जवळचे दप्तर शाळेतच असते. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, हा कायम जतन करायचा अभिलेख असल्यामुळे तो पुष्कळ शाळांत फार जुन्या काळापासूनचा मिळतो. पहिल्या उपलब्ध खंडातील पहिला नोंदणी क्रमांक एकपासून सुरू होत नसेल तर त्याआधीचा खंड हरवला आहे असे समजावे, म्हणजे त्यातील पहिली तारीख हीच शाळेच्या आरंभाची तारीख असे लिहिण्याचा मोह टळतो. या रजिस्टरमध्ये मुलांची नावे, जाती, जन्मतारखा आणि शाळा सोडण्याची कारणे असतात. ही माहिती त्या कुटुंबांची आहे, म्हणून तिची पाने छापू किंवा पसरवू नयेत. संख्या, वर्षे आणि मुलींच्या प्रवेशाचा आरंभ यांसारख्या गोष्टी नावे वगळून लिहिता येतात.

माझ्या मते इमारतीच्या इतिहासासाठी शेरेबुकाइतका मोलाचा कागद दुसरा नाही. गावकरी ज्यांना दिपोटी म्हणत ते तपासणी अधिकारी वर्ग पाहून झाल्यावर हजर मुलांची संख्या, शिकवण्याचा दर्जा आणि जागेची स्थिती याविषयी शेरा लिहून जात. शाळा देवळात भरते व उत्सवाच्या दिवसांत बंद राहते, छप्पर गळते, नवी खोली हवी, भिंतीला तडा गेला आहे, अशा वाक्यांतून इमारतीच्या बांधकामाच्या आधीचा आणि नंतरचा काळ दोन तारखांच्या मध्ये घट्ट पकडता येतो. ज्या शेऱ्यात जागा अपुरी असल्याची तक्रार शेवटची येते आणि ज्या शेऱ्यात नव्या इमारतीचा उल्लेख पहिल्यांदा येतो, त्या दोन तारखा उतरवून घ्याव्यात. कोनशिला नसली तरी त्यांच्या आधारे बांधकामाचा काळ थोड्याच वर्षांच्या आत आणता येतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत घड्याळ, नकाशे, लिहिण्याचे फळे, बाके कधी आली ते कळते आणि लॉगबुक असेल तर सुट्ट्या, साथी व पूर यांच्याही नोंदी मिळतात.

शाळेबाहेर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे घरे-इमारतींच्या कर आकारणीची नोंदवही, पाहावा, जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा व फेरफार पाहावेत आणि गावठाणाचे भूमापन झालेले असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्यावी. जागा कोणी बक्षीस दिली, ती गायरानातून आली की देवस्थानची होती, हे फेरफारात सापडण्याची शक्यता असते. मोडीतल्या कागदाचे वाचन जाणकाराकडूनच करून घ्यावे आणि मूळ पानाचे छायाचित्र त्याच्या वाचनाशेजारी ठेवावे.

छापील साधनांत जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर आधी पाहावे. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, नाशिकचा १८८३ चा, तर पुणे आणि सातारा यांचे खंड १८८५ चे आहेत. प्रत्येक खंडात शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण असते आणि मोठ्या गावांच्या टिपणात शाळा, टपाल कचेरी, आठवडी बाजार यांचा उल्लेख येतो. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने यातले पुष्कळ साहित्य संगणकीय रूपात उपलब्ध केले आहे. १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार सुविधांच्या याद्या आहेत, त्यांतून त्या वर्षी गावात शाळा होती की नाही ते कळते. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल आणि जिल्हा पातळीवरचा पत्रव्यवहार पाहायचा असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील दप्तरे आहेत. तेथे जाण्याआधी गाव, तालुका आणि काळ कागदावर नेमका लिहून न्यावा. नुसते ‘आमच्या शाळेचे काही आहे का’ असे विचारून तेथे काही हाती लागत नाही.

इमारतीची मोजणी

मोजणीसाठी तीस मीटरची टेप, पाच मीटरची पोलादी टेप, ओळंबा, पाणसळ, होकायंत्र, चौकटींची वही आणि किमान दोन माणसे लागतात. आधी इमारतीभोवती सावकाश फिरून हाताने आराखडा काढावा, तो प्रमाणात नसला तरी चालतो, पण दारे, खिडक्या, खांब आणि पायऱ्या यांची संख्या व क्रम त्यात अचूक हवा. मापे घेताना एका कोपऱ्याला टेपचे शून्य धरून त्याच रेषेवर सर्व अंतरे चढत्या क्रमाने वाचावीत. तुकड्या-तुकड्याने मोजून बेरीज केली की लहान चुका साठत जातात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत, कारण जुन्या खोल्या काटकोनात क्वचितच असतात आणि कर्णाशिवाय कागदावर खोलीचा खरा आकार उतरत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजावी. जोत्याची उंची, खिडकीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, भिंतीची वळचणीपर्यंतची आणि आढ्यापर्यंतची उंची ही मापे बहुतेक जण विसरतात, आणि पुढे इमारतीचे उभे छेद काढताना नेमकी तीच लागतात. उत्तर दिशा होकायंत्रावरून घेतली तरी चालते, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक फारच थोडा आहे. आराखडा १:५० या प्रमाणात काढला तर एका मोठ्या कागदावर बसतो आणि भिंतीतील बारकावेही दाखवता येतात.

मापे मीटरमध्ये लिहावीत, परंतु प्रत्येक खोलीचे माप फुटांतही काढून पाहावे. खोली बरोबर वीस फूट बाय सोळा फूट भरली तर आराखडा फुटांत आखलेला होता हे कळते. आपल्याकडे मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी गवंडी नंतरही फुटांतच बोलत राहिले, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही.

छायाचित्रे काढताना प्रत्येक बाजू समोरून, प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून आणि प्रत्येक तपशील मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावा. छायाचित्राचा क्रमांक आराखड्यावर बाणासह टाकावा. वर्गातली मुले चित्रात येऊ देऊ नयेत.

भिंती, छप्पर आणि जमीन कशी वाचावी

या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हा आहे, आणि त्याला वेळ द्यावा. सुरुवात जोत्यापासून करावी. संपूर्ण इमारतीचे जोते एकाच दगडाचे, एकाच घडणीचे आणि एकाच उंचीचे आहे का ते पाहावे. मध्येच दगडाचा आकार बदलला, थरांची रेषा तुटली किंवा भिंतीत खालपासून वरपर्यंत उभा सरळ सांधा दिसला, तर तेथे दोन वेगवेगळ्या काळांचे बांधकाम एकमेकांना टेकले आहे असे समजावे. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत गुंतवलेले असतात, नंतर जोडलेली भिंत मात्र जुन्या भिंतीला नुसती चिकटते. कोपऱ्यावरचे घडीव दगड इमारतीच्या टोकाऐवजी भिंतीच्या मध्येच सापडले, तर एके काळी इमारत तेथे संपत होती.

देशावर काळा पाषाण, कोकणात जांभ्याचे चिरे आणि जिथे चांगला दगड जवळ नाही तिथे विटा किंवा माती, असा साधारण नियम आहे, कारण बैलगाडीने दगड आणण्याचा खर्च अंतराबरोबर वाढे. दगड कोणत्या खाणीतून आला हे गावातल्या वडार समाजातील किंवा गवंडीकाम करणाऱ्या जुन्या माणसांना बहुधा सांगता येते. भिंतीची दर्शनी बाजू घडीव आणि आतली बाजू अनघड असणे हेही नेहमीचे आहे. दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड आहेत का, हे विशेष पाहावे. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप या दोन्ही वेळी जाड दगडी भिंतींची फार हानी झाली. मातीत रचलेल्या आणि आरपार दगड नसलेल्या भिंतींचे दोन पदर सुटून वेगळे होतात, हे तिचे एक मोठे कारण होते. त्या भागांतील शाळेची खोली १९६७ किंवा १९९३ नंतर पुन्हा बांधली गेली आहे का, हे म्हणून आवर्जून तपासावे.

सांध्यांत काय भरले आहे ते जवळून पाहावे. चुन्याचा माल फिकट असतो, खिळ्याने ओरखडता येतो आणि त्यात चुन्याच्या लहान पांढऱ्या गाठी दिसतात. पूर्वी हा चुना भट्टीत भाजून, बैलाने ओढायच्या दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर किंवा विटांच्या सुरखीबरोबर मळत. गावाजवळ अशा घाणीची गोल चर अजून शिल्लक असेल तर तिचीही नोंद घ्यावी. सिमेंटचा सांधा राखाडी व कठीण असतो. भारतात सिमेंटचे उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि खेड्यांत ते पोहोचायला आणखी बराच काळ गेला, म्हणून जुन्या दगडी भिंतीवरचे सिमेंट बहुतेक वेळा नंतरच्या दुरुस्तीचे असते. अशा दुरुस्तीने भिंतीतील ओल बाहेर पडायला अडते आणि आतला चुना भुसभुशीत होतो. ओलीचे डाग आणि सिमेंटचे पट्टे एकाच ठिकाणी दिसले तर ते आराखड्यावर दाखवावे.

छपरावर चढू नये, ते खालूनच वाचावे. आढे, तुळया, कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वासे आणि रिपा कोणत्या लाकडाच्या आहेत, कैच्या सगळ्या सारख्या आहेत का, आणि लाकडांत ज्यांचा आता काही उपयोग नाही अशी रिकामी भोके व खाचा आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे. रिकाम्या खाचा म्हणजे ते लाकूड आधी दुसऱ्या एखाद्या बांधकामात होते. पडलेल्या वाड्याचे सागवान शाळेला दिले गेल्याची आठवण गावात असेल तर तिचा दाखला येथे मिळू शकतो. लोखंडी तुळई असल्यास तिच्यावर उमटवलेले कारखान्याचे नाव वाचावे. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ मध्ये निघू लागले, तेव्हा त्यांचे नाव असलेली तुळई त्याआधीची असू शकत नाही.

कौलांच्या बाबतीत एक फसगत टाळावी. मंगलोरी कौलांच्या मागच्या बाजूला कारखान्याचे नाव आणि कधी कधी ‘१८६५’ हे साल ठळक उमटलेले असते, आणि ते पाहून इमारत १८६५ ची ठरवली जाते. ते साल बासेल मिशनचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे आहे. तसे कौल त्यानंतर अनेक वर्षे निघत होते. पहिल्या महायुद्धानंतर त्या मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले, म्हणून त्या कंपनीचे नाव असलेले कौल युद्धानंतरचे समजावे. शिवाय कौले दर काही वर्षांनी बदलली जातात, तेव्हा छपरावर वेगवेगळ्या कारखान्यांची कौले मिसळलेली सापडली तर ती दुरुस्त्यांचीच यादी आहे. मूळचे छप्पर गावच्या कुंभाराने केलेल्या नळीच्या कौलांचे असेल तर त्याखालच्या रिपांचे अंतर वेगळे असते. मराठवाडा, सोलापूर आणि खानदेश या भागांत मातीच्या धाब्याचे छप्परही विचारात घ्यावे. सिमेंटचे जुने पत्रे फोडू, कापू किंवा घासू नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

खिडक्यांचा विचार मुलांच्या बसण्याच्या दिशेने करावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली पाटीवर पडू नये यासाठी उजेड डावीकडून घेण्याचा दंडक शाळेच्या बांधणीत जुना आहे. कोणत्या भिंतीत खिडक्या जास्त आहेत आणि जुना फळा कोणत्या भिंतीवर होता हे जोडून पाहिले, की मुले कोणत्या दिशेला तोंड करून बसत ते कळते. बुजवलेली खिडकी किंवा दाराची खिडकी झालेली जागा गिलाव्यातील भेगांवरून ओळखता येते. त्यासाठी गिलावा खरवडू नये. तो आपोआप सुटला आहे तेथेच रंगाचे व चुन्याचे थर पाहावेत.

कोनशिलेची अक्षरे झिजलेली असतील तर त्यांत खडू, तेल किंवा रंग भरू नये. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरली की सावलीमुळे अक्षरे उठून दिसतात, मग वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून छायाचित्रे घ्यावीत. कोनशिलेवर पायाभरणीचे साल आहे की उद्घाटनाचे, हेही लिहावे.

माणसांना काय विचारावे

‘तुमच्या वेळची शाळा कशी होती’ असे विचारले तर आठवणी मिळतात, परंतु इमारत मिळत नाही. वृद्ध माजी विद्यार्थ्यांना शक्य असेल तर आराखडा हातात देऊन प्रत्यक्ष खोलीत उभे करावे आणि फळा कुठे होता, मास्तरांची खुर्ची कुठे होती, घंटेसाठी रुळाचा तुकडा कोठे टांगला होता, पाण्याचा माठ कुठे असे, शेणाने जमीन कोण सारवत असे, शहाबादी फरशी केव्हा बसली, असे एकेका जागेचे प्रश्न विचारावेत. उत्तर देणाऱ्याचे जन्मसाल आणि तो शाळेत असल्याचा काळ सोबत लिहावा, म्हणजे ‘आमच्या लहानपणी’ या शब्दांना वर्षांची मर्यादा मिळते. मुलींना व बायकांना वेगळे विचारावे; त्या कोठे बसत, कोणत्या इयत्तेपर्यंत शिकल्या आणि शाळा का सुटली, हे पुरुषांच्या सांगण्यात सहसा येत नाही.

एक प्रश्न अवघड असला तरी टाळू नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले कुठे बसत, व्हरांड्यात की आत, आणि पाणी कोठे पीत? कायदेमंडळाचे सदस्य सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याआधीच, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला होता. प्रत्यक्षात गावात ते केव्हा घडले, हे केवळ त्या बाकांवर बसलेल्या किंवा बसू न दिलेल्या माणसांकडून कळू शकते. ही माहिती सांगणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या इच्छेने आणि नाव लिहावे की नाही हे त्याला विचारूनच घ्यावी. व्हरांड्याचा आराखडा त्या माहितीशिवाय अपुरा राहतो.

टिपण लिहिणे आणि प्रती ठेवणे

शेवटचे टिपण मोठे असण्याची गरज नाही. एक कालक्रम, एक आराखडा, दोन उभे छेद, निवडक छायाचित्रे आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार, एवढे पुरते. आधाराच्या तीन पायऱ्या ठेवाव्यात. कागदावर किंवा कोनशिलेवर तारीख असेल तेथे ‘निश्चित’, बांधकामाच्या खुणांवरून काढलेले अनुमान असेल तेथे ‘बहुधा’, आणि एकाच माणसाची आठवण असेल तेथे ‘तोंडी’ असे लिहावे. दोन पुरावे एकमेकांविरुद्ध असतील तर दोन्ही द्यावेत आणि आपला कल का एका बाजूला आहे ते सांगावे. छापील प्रती शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या ग्रंथालयात आणि जिल्हा ग्रंथालयात ठेवाव्यात.

निर्लेखनाचा प्रस्ताव आधीच गेला असेल तर टिपणाची प्रत पंचायत समितीला देऊन एक लेखी मागणी करावी. लिलावाच्या यादीतून कोनशिला, लेख असलेले दगड, कारखान्याचे नाव असलेली प्रत्येक प्रकारची दोन-दोन कौले आणि शक्य असल्यास एक पूर्ण कैची वगळावी, आणि कोनशिला नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत, मूळ जागेचा उल्लेख करून बसवावी, असे तीत स्पष्ट लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव या मागणीला जोडावा आणि पाडकामाच्या दिवशी आराखडा घेऊन दोघांनी तेथे हजर राहावे, कारण भिंतीचा गाभा, पायाची खोली आणि आरपार दगड प्रथमच उघड्यावर येतात ते त्या दिवशी, आणि ती मापे घेण्याची दुसरी वेळ येत नाही.